सेवेचे दुसरे वर्ष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशात जाऊन सेवा करणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे दोनच प्रसंगी बोलले जाते. तो निघतो तेव्हा त्याच्या गळ्यात हार पडतो, आणि तो तिकडेच मरण पावला तर त्याच्या तसबिरीला हार पडतो. या दोन हारांमधला काळ त्याने कसा काढला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः सेवा घडलेली असते ती त्या मधल्या काळात. त्या काळात तो कधी उमेदीने भारून गेलेला असतो, कधी अंथरुणावर पडून छताकडे पाहत ‘आपण येथे का आलो’ असा प्रश्न स्वतःला विचारीत असतो. आणि पुष्कळदा या दोन अवस्थांमध्ये एका आठवड्याचेही अंतर नसते. या चढउतारांची चर्चा करणे म्हणजे त्यागाला कमीपणा आणणे, अशी एक समजूत चळवळीत रूढ आहे. ती समजूत कार्यकर्त्याच्या मुळावर येणारी आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. ते सर्वांच्या परिचयाचे आहे, निदान तसा आपला समज आहे. १९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. पुढील वर्षी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना देशभर निधी जमवण्यात आला, औषधे आणि एक रुग्णवाहिका मिळवण्यात आली, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक ‘राजपुताना’ या बोटीने मुंबईहून रवाना झाले. स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशाला पाठवलेली ही मदत होती. तिचे मोल निधीच्या रकमेत मोजण्यात अर्थ नाही. इंग्रज सरकारला ती रुचली नाही हे सांगावयास नकोच. कलकत्त्याहून प्रथम निवडलेल्या डॉक्टरांना पारपत्रच नाकारण्यात आले आणि त्यांच्या जागी ऐनवेळी दुसऱ्या डॉक्टरांना निघावे लागले.

हे पाच जण एका साच्याचे नव्हते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल स्पेनच्या यादवी युद्धात रुग्णसेवा करून आलेले होते. युद्ध म्हणजे काय हे त्यांनी पाहिलेले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने वडील. डॉ. मुखर्जी आणि डॉ. बिजयकुमार बसू हे बंगालचे. आणि पाचवे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले, वय अठ्ठावीसही पुरे नाही, पुढील परीक्षेच्या तयारीत असलेले. अशा पथकात प्रत्येकाचा हेतू सारखाच असतो हे मानणे भाबडेपणाचे आहे. कोणाला अन्यायाची चीड असते, कोणाला जग पाहावयाचे असते, कोणाला घरच्या कोंडीतून सुटावयाचे असते. बहुतेकांना यांतले सगळेच थोडथोडे हवे असते. त्यात गैर काही नाही. हेतू शुद्ध आहे की नाही याची परीक्षा निघताना होत नाही. ती पुढे वर्षभराने, कोणी पाहत नसताना होते.

पहिला चढ अर्थातच उंच होता. सप्टेंबरात पथक कॅन्टनला उतरले तेव्हा स्वागताला सुन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग स्वतः होत्या. सभा झाल्या, भाषणे झाली. पुढे पथक हँकावला पोहोचले, तेथील रुग्णालयांत कामाला लागले. आणि ऑक्टोबर संपण्याच्या आत कॅन्टन आणि हँकाव ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. ज्या सैन्याला मदत करावयाची त्याच्याबरोबर माघार घेणे, हा या डॉक्टरांचा चीनमधला पहिला मोठा अनुभव ठरला. यांगत्से नदीच्या वाटेने ते चुंगकिंगला आले आणि तेथे अडकले. उत्तरेला येनानकडे जाण्याची परवानगी लवकर मिळेना. चँग कै-शेकच्या सरकारची आणि साम्यवाद्यांची आघाडी कागदावर एक होती, परंतु परदेशी डॉक्टर साम्यवाद्यांच्या मुलखात जाऊ नयेत अशीच सरकारी यंत्रणेची इच्छा होती. आठवडे जात होते. युद्ध चालू होते, जखमी मरत होते, आणि त्यांच्यासाठी आलेले डॉक्टर परवान्याची वाट पाहत बसले होते.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. स्वयंसेवकाचे मन कष्टांनी खचते असे पुष्कळांना वाटते. अनुभव उलट आहे. दिवसाला अठरा तास राबणारा माणूस आजारी पडेल, परंतु उदास सहसा होणार नाही. मन खचते ते रिकामपणाने. ज्याने घर, नोकरी, परीक्षा सोडून समुद्र ओलांडला, त्याला ‘आज काम नाही’ हे वाक्य उपासापेक्षा जड जाते. कारण काम असते तोवर सोडून आलेल्या गोष्टींचा हिशेब जुळत असतो, आणि काम थांबले की तो हिशेब पुन्हा उघडला जातो.

कोटणीसांच्या बाबतीत तो फार कठोरपणे उघडला गेला. चुंगकिंगच्या मुक्कामात सोलापूरहून वडिलांच्या मृत्यूची बातमी आली. सहकाऱ्यांनी घरी परत जाण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही आणि पथकाबरोबर उत्तरेला जाण्याचे ठरवले. चरित्रकारांना हा प्रसंग प्रिय आहे, आणि तो आहेच तसा. पण त्याची एक बाजू झाकली जाते. भावंडांनी भरलेल्या त्या घरात शिकलेला, मिळवता होऊ शकणारा मुलगा होता; वडील गेल्यावर घराला त्याची किती गरज असेल हे मध्यमवर्गीय मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. परत न जाण्याचा निर्णय चुंगकिंगला झाला, परंतु त्याची किंमत सोलापुरात दिली गेली. कोटणीसांचा त्याग म्हणून ज्याचे आपण वर्णन करतो त्यातला निम्मा वाटा अशा लोकांनी उचलला, ज्यांना कोणी विचारले नव्हते आणि ज्यांच्या नावे कोणी सभा भरवली नाही. दूरदेशी काम करणाऱ्या स्वयंसेवकाला रात्री जी टोचणी लागते ती याच जाणिवेची असते. परक्यांच्या दुःखासाठी आपण आपल्यांना दुःखात लोटले, हा विचार तत्त्वज्ञानाने शमत नाही. तो शमवण्याचा प्रयत्न करणाऱ्या पुढाऱ्यांपासून कार्यकर्त्याने सावध राहावे हे बरे!

त्याच मुक्कामात शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे प्रमुख तान युनशान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर होते. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे ‘के दिहुआ’ झाले, बसूंचे ‘बा सुहुआ’. नाव मिळाल्याने माणूस त्या देशाचा होत नाही; पण हाक मारताना समोरच्याची जीभ अडखळत नाही, आणि परक्या देशात ही गोष्ट लहान नाही.

१९३९ च्या जानेवारीत ते चुंगकिंगहून निघाले आणि फेब्रुवारीत येनानला पोहोचले. डोंगरकड्यात खोदलेल्या गुहा हेच घर आणि हेच रुग्णालय. खाणे राळ्याचे. सोलापूरच्या माणसाला राळे ऐकून ठाऊक नसतील असे नाही, पण महिनोन्‌महिने राळे हेच अन्न, ही वेगळी गोष्ट झाली. तरीही येनानने त्यांची उमेद वाढवली, कारण तेथे काम होते, आणि काम करणाऱ्यांत वरचा-खालचा हा भेद राहणीत फारसा दिसत नव्हता. येनानच्या राजकारणाविषयी समाजवाद्यांनी काय मत बाळगावे हा येथे प्रश्न नाही. १९४२ नंतर त्याच गावात मतभेद बोलून दाखवणाऱ्या लेखकांवर काय प्रसंग आले हे इतिहासाला माहीत आहे आणि ते विसरण्याचे कारण नाही. परंतु १९३९ साली बाहेरून आलेल्या डॉक्टरला जे दिसले ते त्याच्यापुरते खरे होते.

आणि मग उतार सुरू झाला. पथक निघाले होते ते साधारण वर्षभराच्या बोलीने. १९३९ मध्येच चोळकर आणि मुखर्जी यांना प्रकृतीच्या कारणांनी परतावे लागले. ऑगस्टमध्ये नेहरू चुंगकिंगला आले. आठव्या मार्ग सेनेचे त्यांना निमंत्रण होते. परंतु युरोपात महायुद्ध पेटले, त्यांना दौरा आवरता घ्यावा लागला, आणि पाठवणाऱ्या देशाचा नेता चीनमध्ये येऊनही येनानपर्यंत पोहोचू शकला नाही. त्या गुहांमध्ये उरलेल्या तिघांना याचे काय वाटले असेल हे ज्याने एकदा तरी दूरच्या तालुक्यात बसून पुढाऱ्याच्या भेटीची वाट पाहिली आहे त्याला कळेल. नोव्हेंबरात आघाडीकडे निघताना त्यांना एका माणसाला भेटण्याची उत्सुकता होती. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून दीड वर्ष शत्रूच्या पिछाडीला, डोंगराळ मुलखात शस्त्रक्रिया करीत होते. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून यांचा अंत झाला. हातमोज्यांशिवाय शस्त्रक्रिया करताना बोटाला कापले, जखमेत विष भिनले, आणि रक्तदोषाने ते गेले. भारतीय डॉक्टरांची त्यांच्याशी भेट झाली नाही. १९४० मध्ये इसबाने हैराण झालेले अटलही परतले. पाचांचे दोन राहिले.

बेथ्यून यांचे नाव आले तेव्हा त्यांच्या पत्रांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. माओंच्या लेखामुळे बेथ्यून हे निःस्वार्थतेचे प्रतीक बनले आणि चीनमधील शाळकरी मुलांनी तो लेख पाठ केला. प्रतीकाला भूक लागत नाही. परंतु मृत्यूच्या दोन-तीन महिने आधी या माणसाने कॅनडातल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात कॉफी, भाजलेले गोमांस, सफरचंदाचा पाय आणि आइस्क्रीम यांची स्वप्ने पडतात असे लिहिले आहे. पुस्तके अजून लिहिली जातात का, संगीत अजून वाजते का, अशी चौकशी केली आहे. त्यांना चिनी भाषा येत नव्हती. दुभाष्याशिवाय कोणाशी मोकळे बोलता येत नव्हते. स्वभाव तापट, हातात जगातले उत्तम कौशल्य, आणि आजूबाजूला इंग्रजी समजणारे माणूस जवळजवळ नाही. घरून पत्रे येत नाहीत याची तक्रार ते करीत. कॅनडाला जाऊन निधी जमवून परत येण्याचा बेत त्यांनी आखला होता. लढाई सुरू झाली म्हणून तो पुढे ढकलला आणि तेवढ्यात तो घाव झाला. ही पत्रे वाचून बेथ्यून लहान होत नाहीत. आइस्क्रीमची स्वप्ने पडत असतानाही सकाळी उठून शस्त्रक्रियेच्या मेजाशी उभा राहणारा माणूस, ज्याला काहीच आठवत नाही अशा माणसापेक्षा थोर असतो. प्रतीके घडवणाऱ्यांनी ही पत्रे बाजूला ठेवून त्यांचे नुकसानच केले.

परदेशात राहणाऱ्यांच्या मनःस्थितीचा पुढे शास्त्रीय अभ्यास झाला. नॉर्वेच्या स्व्हेरे लिस्गार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत शिकून-राहून आलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियनांच्या मुलाखतींवरून एक निष्कर्ष मांडला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले लोक तेथे बरे रुळलेले होते; सहा ते अठरा महिन्यांच्या मधले मात्र अडचणीत होते. म्हणजे मनाचा आलेख प्रथम उंच, मग खोल, मग पुन्हा चढता. पुढच्या अभ्यासकांनी याविषयी पुष्कळ शंका घेतल्या आहेत. सर्वांची मने एका आलेखात बसत नाहीत, आणि नॉर्वेहून अमेरिकेत गेलेला विद्वान व युद्धभूमीवरचा डॉक्टर यांची तुलना ओढूनताणूनच करावी लागते. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. सप्टेंबर १९३८ पासून सहा ते अठरा महिने मोजले तर मार्च १९३९ ते मार्च १९४० हा काळ येतो. पथक मोडले ते नेमके या काळात. परतणाऱ्यांचे आजार खोटे होते असा याचा अर्थ मुळीच नाही. मूत्रपिंडाचा विकार आणि इसब हे मनाचे खेळ नव्हेत. अर्थ इतकाच की ज्या काळात शरीर साथ सोडते त्याच काळात मनाचाही आधार सर्वांत थोडा असतो, आणि पाठवणाऱ्यांनी नेमक्या त्या वेळेची तरतूद केलेली नसते. निरोपाच्या सभेवर जेवढा खर्च होतो तेवढा जर दुसऱ्या वर्षीच्या टपालावर झाला, तर किती माणसे टिकतील!

कोटणीस कसे टिकले? याचे उत्तर ‘ध्येयनिष्ठा’ या एका शब्दात देण्याची आपली पद्धत आहे. ध्येयनिष्ठा पाचही जणांत होती. कोटणीसांनी आणखी एक गोष्ट केली, ती म्हणजे ते चिनी भाषा शिकले. नुसती बाजारापुरती नव्हे. पुढे बेथ्यून यांच्या नावाने चाललेल्या वैद्यकीय विद्यालयात ते चिनीतून शिकवू लागले, आणि शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक लिहावयास बसले. बेथ्यून आणि कोटणीस यांच्या अनुभवातला फरक येथे आहे. बेथ्यून यांच्याकडे कौशल्य अधिक होते, अनुभव अधिक होता; परंतु ते शेवटपर्यंत दुभाष्याच्या मागे उभे राहिले. ज्याला रुग्णाची थट्टा कळते, शिव्या कळतात, कण्हणे कळते, त्याचा एकटेपणा अर्धा होतो. आजही परदेशी जाणारे स्वयंसेवक औषधे, यंत्रे, अहवालांचे नमुने बरोबर नेतात आणि भाषा तिकडे गेल्यावर ‘कानावर पडून येईल’ असे म्हणतात. ती तशी येत नाही. शिकावी लागते, चुकावे लागते, लोकांचे हसणे सोसावे लागते. आणि पदवीधर माणसाला हे हसणे गोळीबारापेक्षा कठीण जाते.

१९४० च्या उत्तरार्धात आठव्या मार्ग सेनेने शंभर पलटणींची म्हणून ओळखली जाणारी मोठी मोहीम काढली. त्या वेळी तेरा दिवसांत कोटणीसांच्या पथकाने आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. हा त्यांच्या जीवनातला उंच चढ होय. बसू येनानला परत गेले आणि कोटणीस त्या डोंगराळ सरहद्द-मुलखात एकटे भारतीय उरले. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. रुग्णालय म्हणजे इमारत असे मानू नये. शत्रू आला की ते पाठीवर घेऊन दुसऱ्या गावी जावे लागे. तेथील गावकरी या सावळ्या डॉक्टरला प्रेमाने ‘काळी आई’ म्हणत असे सांगतात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी त्या विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. त्याच उन्हाळ्यात ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. जो माणूस तेथे लग्न करतो, मूल होऊ देतो, तेथील पक्षात जातो, तो ‘स्वयंसेवक’ राहतो काय? नाही, आणि राहू नये. पाहुणा म्हणून आलेल्याला परतीचे जहाज दिसत असते. त्याच्या प्रत्येक सोसण्याला शेवटची तारीख असते. कोटणीसांनी ती तारीख खोडून टाकली, आणि त्याबरोबर मनाचे हेलकावेही बरेच शमले असावेत. पण हा मार्ग सर्वांसाठी आदर्श म्हणून सांगणे धोक्याचे आहे. सर्वच सेवकांनी परक्या देशात मुळे रोवावीत असे म्हटले, तर कोणी जाणारच नाही. आणि गेलेले सगळेच तेथे हवे असतात असेही नाही. १९६८ साली मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे इव्हान इलिच या बंडखोर धर्मगुरूने अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांच्या परिषदेतच त्यांना सुनावले होते की तुमची सदिच्छा तुमच्यापाशी ठेवा. मेक्सिकोत प्रवासी म्हणून या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका. भाषण कडवट होते. परंतु ज्यांच्या भाषेत आपल्याला शिव्याही कळत नाहीत अशांचे कल्याण करावयास निघालेल्या श्रीमंत देशातील तरुणांना ते कोणीतरी सांगणे जरूर होते. १९६१ ते १९७६ या काळात अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे तरुण भारतात येत. त्यांच्यात प्रामाणिक माणसे पुष्कळ होती. परंतु दोन वर्षांची मुदत, मागे महासत्तेचे सरकार आणि पुढे शेतकरी, अशा जागी उभ्या राहिलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला आपण नेमके कोणाचे दूत आहोत हा प्रश्न पडल्यावाचून राहत नसे.

बाहेरून येणाऱ्यांचे दुसरे उदाहरणही आपल्याच देशात आहे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली व्हेर्दूनजवळच्या उजाड खेड्यात वेगवेगळ्या देशांच्या तरुणांना एकत्र आणून घरे बांधण्याचे काम सुरू करणारे स्विस अभियंते पिएर सेरेसोल त्या वर्षी बिहारला आले आणि मुझफ्फरपूरच्या बाजूला पूरग्रस्त गावे उंच जागी हलवून वसवण्याच्या कामात त्यांनी आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी १९३७ पर्यंतच्या काळाचा मोठा भाग घालवला. सेरेसोल मधूनमधून युरोपला जात आणि परत येत. जाणे हा त्यांना पराभव वाटला नाही. गोऱ्या माणसाने डोक्यावर मातीची टोपली घ्यावी हे गावकऱ्यांना आधी चमत्कारिक वाटले असेल. पण कामाची आखणी अशी होती की माणूस बदलला तरी काम अडू नये. कोटणीसांच्या कथेपुढे ही कथा फिकी दिसते. चित्रपट तिच्यावर निघणार नाही. संघटनेच्या दृष्टीने मात्र ती अधिक शिकण्यासारखी आहे.

कोटणीसांची अखेर सर्वांना माहीत आहे. त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी बाहेर जावे असे वरिष्ठांनी सुचवले. त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हेबै प्रांतातील तांग जिल्ह्यात त्यांचे निधन झाले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. झटके येत असताना मेजाशी उभे राहण्याचे धैर्य वंदनीय आहे यात शंका नाही. परंतु त्या धैर्याला नियम बनवणे हा संघटनेचा अपराध ठरेल. आजारी कार्यकर्ता जेव्हा ‘मी ठीक आहे’ म्हणतो तेव्हा त्याचे ऐकावयाचे नसते. युद्धाच्या वेढ्यात, मोजक्या औषधांवर जगणाऱ्या लोकांना कदाचित दुसरा इलाज नसेल. शांततेच्या काळात, गाडीचे भाडे हाताशी असताना, हीच कथा सांगून जो आपल्या सहकाऱ्याला विश्रांती नाकारतो तो कोटणीसांचे नाव फुकट वापरतो.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिले, ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचाच अर्थ असा की एक जण परत आला नाही. त्यावरून शांतारामबापूंनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि न परतलेला तो एक घराघरांत पोहोचला. परतलेले चार? महाराष्ट्रात किती जणांना चोळकर हे नाव ठाऊक आहे? परत येणे हे जणू न सांगण्यासारखे काही, अशी त्याची वाट लागली. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकन संशोधक दांपत्याने १९६३ साली लिस्गार्ड यांच्या आलेखाला पुढे आणखी एक उतार जोडला, तो मायदेशी परतल्यानंतरचा. ज्याला परत आल्यावर घर परके वाटू लागते त्याची समजूत कोण घालणार? त्याला दोन दिवस प्रश्न विचारले जातात, तिसऱ्या दिवशी पुढचा विषय निघतो. तिकडे तो माणसे वाचवीत होता. इकडे तो नोकरी शोधतो. त्यातून जो त्रागा येतो त्याला सहकारी ‘परदेशी हवा लागली’ म्हणतात.

बसू १९४३ मध्ये परतले. त्या वर्षी बंगालमध्ये माणसे रस्त्यावर भुकेने मरत होती. येनानच्या गुहेतून निघालेला डॉक्टर कलकत्त्याला आला तो दुष्काळात. कोटणीसांच्या स्मृतीसाठी स्थापन झालेल्या समितीत त्यांनी पुढे आयुष्यभर काम केले. १९५८ च्या सुमारास ते पुन्हा चीनला गेले तेव्हा तेथील सुयांची उपचारपद्धती शिकून आले आणि कलकत्त्यात ती वापरू लागले. भारतात या पद्धतीचा प्रसार करणाऱ्यांत ते अग्रणी होत. मग १९६२ आले. ज्या देशासाठी पथक गेले होते त्या देशाशी युद्ध झाले, आणि चीनशी जुना स्नेह असलेल्या माणसाकडे पाहण्याची नजर रातोरात बदलली. तिकडे गुओ चिंगलान यांनी वाढवलेला यिनहुआ बापाचाच व्यवसाय शिकत होता. १९६७ साली पदवी हाती येण्याआधीच, जेमतेम पंचविशीत, तो वारला. गुओ चिंगलान १९५८ पासून अनेकदा भारतात येऊन गेल्या, कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटल्या, आणि २०१२ साली दालियन येथे त्यांचे निधन झाले. चीनहून भारतात येणारे मोठे पाहुणे कोटणीस कुटुंबाची भेट घेतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, सीमेवर काही बिघडले की ती यायची थांबतात.

बसू मात्र १९८६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सुया लावण्याचे आणि इतरांना ते शिकवण्याचे काम करीत राहिले. येनानमधील दिवसांची त्यांची दैनंदिनी इंग्रजीत प्रसिद्ध झाली आहे. पथकाच्या रोजच्या जगण्याचा, वाट पाहण्याचा, आजारांचा आणि एकमेकांना निरोप देण्याचा वृत्तांत ज्यांना हवा असेल त्यांनी चित्रपट पाहून झाल्यावर ती मिळवून वाचावी.